दोनशे पंचावन्नच्या पुढे

ज्या बाईविषयी मी हे लिहीत आहे, तिचा चेहरा पाहण्यापूर्वी अकरा वर्षे मी तिच्या चपला ओळखत होते. हे विधान वाचणाऱ्यास चमत्कारिक वाटेल, म्हणून प्रथम त्याचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते.

मी दोऱ्याची रिळे भरण्याच्या कारखान्यात चौथ्या क्रमांकाच्या खुर्चीवर काम करीत असे. मोठ्या शंकूवरचा दोरा शिवणाच्या लहान रिळावर चढवायचा, रीळ भरले की काढायचे आणि नवे लावायचे, असे ते काम. खोलीत एकच लांब टेबल होते. टेबलाला सात जागा, सात जागांना सात बायका आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एक छोटी मोटार. मोटारींच्या तारा, पट्टे आणि वंगण यांची व्यवस्था टेबलाखाली होती आणि ती पाहणारी बाई सदैव तिथेच उताणी पडलेली असे. आम्हास तिच्या तपकिरी चपला तेवढ्या दिसत. चहाच्या सुट्टीत ती बाहेर येई, परंतु दोऱ्याची कुसळे नाकात जाऊ नयेत म्हणून तिने तोंडाला रुमाल बांधलेला असे आणि चहा ती जिन्यात बसून घेई.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात नाव घातले. वर्ग कारखाना सुटल्यावर साडेपाचला भरे. पहिल्या दिवशी माझ्या बाकावर एक अनोळखी बाई येऊन बसली. गोल चेहरा, हनुवटीवर तीळ, आणि नुकतीच काही खोडी करून आल्यासारखे डोळे. मी सभ्यपणे विचारले,

"आपण कुठं कामाला असता?"

"तुमच्या टेबलाखाली," ती म्हणाली.

मी खाली वाकून पाहिले. तपकिरी चपला.

कारखान्यात तिला सगळे कानोसामावशी म्हणत. ती माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, तरी सगळ्या मावशी म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. कानोसा हे नाव तिच्या कामाच्या पद्धतीवरून पडले होते. मोटार बिघडली की ती स्क्रूड्रायव्हरचे टोक मोटारीवर ठेवी, त्याची मूठ कानामागच्या हाडावर टेकवी आणि डोळे मिटून घेई. मग सांगे, "पट्टा सैल आहे," किंवा "हिला वंगण हवंय," किंवा क्वचित, "हिला काही झालेलं नाही, हिच्यावर बसणारीला झालंय." तिचे वडील मोटारी भरून देत, म्हणजे जळालेल्या मोटारीतील तांब्याची तार काढून नवी गुंडाळीत. लहानपणी ती त्यांच्याजवळ बसून वेढे मोजी. शंभर वेढे झाले की एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. अशा रीतीने तिला हजारांपर्यंत मोजता येत होते, परंतु लिहिलेला आकडा ओळखता येत नव्हता. माझी स्थिती उलट होती. मला आकडे ओळखता येत, अक्षरे येत नसत.

त्या पहिल्याच दिवशी तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला आवडली नाही.

"चार नंबर, तुझा दोरा दिवसातून वीस वेळा तुटतो."

"कोण म्हणतं असं?" मी रागाने विचारले.

"तुटलेला तुकडा तू टाकतेस कुठं?"

"खाली."

"आणि मी राहते कुठं?"

माझ्या बोटांचे सांधे आखडले होते, ही गोष्ट मी सुनेलाही सांगितली नव्हती. दोरा तुटला की बाजूच्यांना न कळता मी मोटार थांबवीत असे, तुकडा पायाजवळ सोडून देत असे आणि गाठ मारीत असे. तुटले हे कबूल करण्याचा मला फार कमीपणा वाटे. वर्गातही मी कधी हात वर केला नाही. न येणारी गोष्ट चारचौघांत दाखवायची कशाला, असे माझे मत होते. मावशी मात्र येत असो वा नसो, प्रत्येक प्रश्नाला हात वर करी आणि चुकली की स्वतःच सर्वांत आधी हसे.

आता त्या डबीविषयी सांगणे भाग आहे, कारण डबीवाचून पुढचे काही समजणार नाही.

पूर्वी एका मोठ्या मोटारीवर लांब पट्ट्याने सातही जागा चालत. नंतर थोरल्या मालकांचे भाचे कारखान्यात आले. त्यांना आम्ही भाचेसाहेब म्हणत असू आणि थोरले मालक रागावले की भाचेबुवा म्हणत. भाचेसाहेबांनी सहा आठवड्यांचा एक कोर्स केला होता. त्यांनी मोठी मोटार काढून सात छोट्या मोटारी बसवल्या आणि भिंतीवर प्लास्टिकची एक डबी लावली. तिच्यात बिस्किटाएवढी एक हिरवी पट्टी होती. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, हा शब्द मी पाच वेळा लिहून पाठ केला आहे. त्या पट्टीतून सात वाटांनी सात मोटारींना हुकूम जाई. कोणती मोटार किती वेगाने फिरायची, हे लॅपटॉपवर आकडा लिहून तिला सांगावयाचे. शून्य म्हणजे बंद आणि दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण वेग.

हे घडते कसे, ते मी मावशीला विचारले होते.

"नळ सारखा उघडायचा नि बंद करायचा," ती म्हणाली. "उघडा जास्त वेळ ठेवला तर बादली लवकर भरते, बंद जास्त वेळ ठेवला तर सावकाश. ही डबी विजेचा नळ एका सेकंदात शेकडो वेळा उघडते नि बंद करते. मोटारीला त्यातलं काही कळत नाही. ती आपली जितकं मिळतं तितकं फिरते. फक्त बारीक शिट्टी वाजवते."

"आणि फारच थोडं मिळालं तर?"

"तर नुसती कुरकुरते, फिरत नाही. साठच्या खाली आपली एकही मोटार हलत नाही. माणसासारखंच आहे."

भाचेसाहेबांनी सातही मोटारींना दोनशे हा आकडा दिला होता. समान आकडा म्हणजे समान वेग, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात एक नंबरची मोटार नवीन आणि चपळ होती, पाच नंबरच्या पट्ट्याला ओढ होती आणि बसणाऱ्या बायका तर सात तऱ्हेच्या होत्या. मावशीचे म्हणणे असे की सात लेकरांना एकाच मापाचे बूट घालून वर विचारायचे, रडता का. तिने ते भाचेसाहेबांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "मावशी, हे गणित आहे. तुम्ही तेलाचं बघा."

ह्याच वाक्यामुळे मावशी वर्गात आली. डबीला जोडायचा लॅपटॉप आमच्याच खोलीत, टेबलाच्या खणात ठेवलेला असे, आणि भाचेसाहेबांची केबिन खालच्या मजल्यावर होती. जिना चढून येण्याचा त्यांना कंटाळा. एक दिवस त्यांनी मावशीला सांगितले, "ह्या सात ओळी. ओळीच्या शेवटी आकडा आहे. मी खालून सांगेन तो इथं घालायचा आणि हे बटण दाबायचं. जमेल?"

"आकडा ओळखता आला की जमेल," मावशी म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिने वर्गात नाव दिले. बाईंना, म्हणजे आमच्या शिक्षिकेला, तिने स्पष्ट सांगितले, "मला कविता वगैरे नको. शून्य ते दोनशे पंचावन्न एवढं द्या. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे, दोन्ही."

बाई आमच्या नातींच्या वयाच्या, परंतु शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "आजी, अर्धवट मिळणार नाही. घ्यायचं तर सगळं."

तीन महिन्यांनी बाईंनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. पुढची संख्या लिहा. ९९ च्या पुढे काय, १४९ च्या पुढे काय, आणि शेवटी, बहुधा मावशीला खूश करण्यासाठी, २५५ च्या पुढे काय. मावशीने हात वर केला, फळ्याजवळ गेली आणि ठळक अक्षरात शून्य काढले.

सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "आजी, दोनशे पंचावन्ननंतर दोनशे छप्पन."

"तुमच्याकडे असेल. आमच्या डबीत शून्य."

"तुमच्या डबीचा आणि माझ्या फळ्याचा काही संबंध नाही."

"तेच तर म्हणते, बाई. तुमचा फळा मोठा आहे. तिच्यातला खण लहान आहे."

बाईंनी त्या शून्यावर फुली मारली. मावशी बाकावर परत आली तेव्हा मी तिला हळूच म्हटले, "कशाला हट्ट करतेस?" त्यावर तिने मला जे सांगितले ते असे.

काही आठवड्यांपूर्वी भाचेसाहेबांनी दोन नंबरच्या मोटारीला दोनशे छप्पन दिले होते आणि मोटार बंद पडली होती. "दोन नंबरला दोनशे छप्पन दिलं तर जळालीच की," असे म्हणून त्यांनी नवी मोटार मागवली आणि मावशीला ती बसवण्यास सांगून ते निघून गेले. मावशीने जुन्या मोटारीचा कानोसा घेतला. वास नाही, गरम नाही, शिट्टीही नाही. म्हणजे मोटार जळाली नव्हती, तिला वीजच मिळत नव्हती. मावशी दोन दिवस टेबलाखाली विचार करीत पडली. तिच्या डोळ्यांसमोर रिळाचे फेरे मोजणारा काउंटर होता. त्याला तीनच खिडक्या. नऊशे नव्याण्णव झाले की चौथी खिडकी नसल्यामुळे तो पुन्हा तीन शून्यांवर येतो. तिने ओळखले की डबीतही असाच एक लहान खण आहे आणि त्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच मावते. पुढचा आकडा दिला की मोजणी पहिल्यापासून. भाचेसाहेबांनी पुन्हा दोनशे सांगितले तेव्हा तिने ते घातले आणि जुनीच मोटार फिरू लागली. भाचेसाहेब जिन्यातून ओरडले, "नवी छान चालतेय ना?" मावशी म्हणाली, "अगदी जुनीसारखी."

"मग त्यांना खरं का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"ते म्हणाले ना, तेलाचं बघा. मी बघतेय तेलाचं."

ह्यानंतर चारच दिवसांनी दाराशी एक कागद लागला. तो मी स्वतः वाचला. कोणाच्याही मदतीविना मी आयुष्यात वाचलेला तो पहिला मजकूर होय. त्यात लिहिले होते की पुढील सोमवारपासून सर्व मोटारी दोनशे वीसवर चालतील आणि पहिल्या महिन्यात जिची रिळे सर्वांत कमी भरतील तिला कामावरून कमी करण्यात येईल. वाचता आल्याचा आनंद मला 'सोमवारपासून' ह्या शब्दापर्यंत झाला.

सर्वांत कमी रिळे कोणाची, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. दोनशेवर माझा दोरा वीस वेळा तुटत होता, दोनशे वीसवर काय झाले असते? चौथी खुर्ची गेली तर मी घरी बसणार होते. माझी सून चांगली आहे, परंतु घर दोन खोल्यांचे आहे, आणि दिवसभर एकमेकींच्या पायात येणाऱ्या दोन चांगल्या बायकांचे काय होते ते मी पाहिलेले आहे. खेरीज त्या खुर्चीवर मी चौदा वर्षे बसले होते. मी मावशीला काही बोलले नाही. नेहमीप्रमाणे तुकडे खाली टाकीत राहिले.

रविवारी मी बोटांना गरम तेल लावून अर्धा तास चोळले. सोमवारी काम सुरू झाले आणि काय आश्चर्य, दोरा बाराच वेळा तुटला. मंगळवारी नऊ. गुरुवारी चार. मला वाटत होते की वेग वाढलेला असूनही माझी बोटे त्याच्यापुढे धावत आहेत. आजूबाजूला मात्र फटाफट दोरे तुटत होते आणि बायका कपाळाला हात लावीत होत्या. पहिल्या आठवड्याच्या शेवटी माझी रिळे दुसऱ्या क्रमांकावर होती, दुसऱ्या आठवड्यात सर्वांच्या पुढे.

ह्या यशाने माझे डोके थोडे फिरले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मी सुनेला सांगितले की माणसाने मनात आणले तर वय आड येत नाही. कारखान्यात मी तेलाचा उपाय सर्वांना सांगितला. सात नंबरची बाई, जी त्या वेळी सर्वांत मागे होती आणि जिची खुर्ची त्यामुळे धोक्यात होती, तिला मी म्हणाले, "अगं, चित्त थाऱ्यावर ठेव, म्हणजे दोरा तुटत नाही." ती म्हणाली, "आजी, चित्त आहे थाऱ्यावर, मोटारच पिसाळलीय." पुढल्या आठवड्यात सातही बायका बोटांना तेल चोळून येऊ लागल्या आणि तेलकट बोटांतून दोरा निसटू लागला. मावशी टेबलाखालून म्हणाली, "चोळा, चोळा. तेलाचंच बघायचं असतं."

तिच्या आवाजात हसू होते. मला वाटले, ती माझ्या यशाने आनंदित झाली आहे.

तिसऱ्या आठवड्यात थोरले मालक कारखाना पाहण्यास आले. ते काठी टेकीत जिना चढत. तरुणपणी ते स्वतः एका गिरणीत काउंटरवरील आकडे उतरवून घेण्याचे काम करीत असत, असे जुन्या बायका सांगत. भाचेसाहेब त्यांना सरळ माझ्या खुर्चीजवळ घेऊन आले.

"मामा, ह्या बाई बघा. वय त्रेसष्ट. दोनशे वीसवर सगळ्यांत जास्त रिळं ह्यांची. म्हणजे वेग वाढवला की काम वाढतं, हे सिद्ध झालं."

"काय हो, कसं जमवता?" थोरल्या मालकांनी मला विचारले.

मी उभी राहिले आणि तेलाचा उपाय सविस्तर सांगितला. टेबलाखाली कोणीतरी खोकले.

"आता बघाच," भाचेसाहेब म्हणाले. "मावशी! बाहेर या. सगळ्या मोटारींना दोनशे साठ."

मावशी बाहेर आली. तिने रुमाल खाली केला आणि अतिशय आदराने म्हणाली, "साहेब, दोनशे पंचावन्नच्या पुढं नको."

"का? मोटारी जळतील? एक जळाली म्हणून काय झालं? नवी घालू."

"जळणार नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं म्हटलं."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"मी कुठली शिकवते, साहेब? मीच शिकायला जाते. परवाच ह्याच प्रश्नाला फुली मिळालीय."

"घाला दोनशे साठ."

"सातही?"

"सातही!"

"चार नंबरलासुद्धा?"

"मावशी!"

"घालते," मावशी म्हणाली. तिने एकेक आकडा मोठ्याने उच्चारून, सात वेळा दोनशे साठ म्हणून, सात ओळींत घातला आणि थोरल्या मालकांकडे वळून विचारले, "दाबू बटण?"

"दाबा की," ते म्हणाले.

तिने बटण दाबले आणि सातही मोटारी उभ्या राहिल्या. खोलीत इतकी शांतता झाली की खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले ते आम्ही सगळ्यांनी ऐकले. त्या खोलीत चौदा वर्षांत मी घंटी ऐकली नव्हती.

भाचेसाहेबांनी डबी हलवली, तार हलवली आणि म्हणाले, "लाइट गेली."

"पंखा फिरतोय," थोरले मालक वर पाहून म्हणाले.

"मग डबी बिघडली. किंवा मावशींनी आकडा चुकवला."

"दोनशे साठच आहे, बघा," मावशी म्हणाली. "साहेबांनी मागितलं तेवढं दिलंय, पण खणात मावतं दोनशे पंचावन्न. त्याच्या पुढं गेलं की शून्यापासून सुरू. दोनशे छप्पनला शून्य, सत्तावन्नला एक, अठ्ठावन्नला दोन. दोनशे साठला आले चार. चारवर मोटार कुठली फिरते? साठ तरी लागतात."

आणि तिने थोरल्या मालकांना टेबलापाशी नेऊन काउंटर हाताने फिरवून दाखवला. नऊशे अठ्ठ्याण्णव, नऊशे नव्याण्णव, शून्य शून्य शून्य. थोरल्या मालकांनी तो पाहिला आणि ते हसू लागले. हसता हसता ते माझ्याच खुर्चीवर बसले.

"अरे, ह्या शून्यावर मी तरुणपणी एका आख्ख्या पाळीचा हिशेब गमावला आहे. भाचेबुवा, तुमच्या कोर्सात हे शिकवलं नाही?"

"त्या दिवशी मी गेलो नव्हतो," भाचेसाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि ती जळालेली मोटार?"

मावशीने खण उघडला, लॅपटॉपमागून एक खोके काढले आणि टेबलावर ठेवले. त्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. "ही नवी. अजून जन्मायचीय. फिरतेय ती जुनीच."

येथवर सगळे माझ्या दृष्टीने उत्तम चालले होते. इतक्यात थोरले मालक म्हणाले, "पण एक सांगा. सगळ्या मोटारी दोनशे वीसवर असताना चार नंबर पुढे कशी?"

मावशीने माझ्याकडे पाहिले. मी तिला धीर देण्यासाठी म्हणाले, "सांग ना, तेलामुळं."

"चार नंबर एकशे अठ्ठेचाळीसवर होती," मावशी म्हणाली. "मी रोज थोडं थोडं उतरवलं. दोरा तुटायचा थांबला. तुटला की गाठ मारायला वेळ जातो, तो वाचला. म्हणून रिळं वाढली."

बसावे म्हणून मी मागे सरले, तर खुर्चीवर थोरले मालक होते. त्यामुळे मला उभे राहूनच सगळ्यांचे चेहरे पाहावे लागले. सात नंबरची बाई म्हणाली, "आजी, चित्त थाऱ्यावर आहे ना?" आणि सगळ्या खोलीत हशा पिकला. मीही अखेर हसले, परंतु पुष्कळ उशिरा.

"मला न विचारता आकडा बदलला?" भाचेसाहेब ओरडले. "मामा, ही फसवणूक आहे! दोघींनाही घरी पाठवा!"

तेव्हा मी एक गोष्ट केली, जी मी वर्गात कधी केली नव्हती. मी हात वर केला. थोरले मालक म्हणाले, "बोला." मी म्हणाले, "मालक, मला माहीत नव्हतं. पण दोरा माझाच तुटत होता. बोटं आखडतात. अकरा वर्षं तुकडे मावशीच्या अंगावर टाकतेय. घरी पाठवायचं तर मला पाठवा, ती गेली तर डबीला कोणी राहणार नाही."

थोरल्या मालकांनी काठीने माझ्या मोटारीवर टकटक केले. मग भाच्याला म्हणाले, "सगळ्यांत हळू मोटारीवर सगळ्यांत जास्त रिळं झाली. आणि तुम्ही मला वेग वाढवून दाखवायला इथं आणलंत! भाचेबुवा, तो दारावरचा कागद काढा. मावशी, प्रत्येकीला तिचा तिचा आकडा लावून द्या. आणि यांना शेजारी बसवून घ्या, ह्यांचा कोर्स अर्धा राहिलाय."

दारावरचा कागद मी मागून घेतला. तो अजून माझ्या वहीत आहे.

पुढचा आठवडाभर मावशी प्रत्येक खुर्चीजवळ बसली. स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून ती ऐके आणि आकडा पाच पाचने वरखाली करी. भाचेसाहेब शेजारी स्टुलावर बसून लिहून घेत आणि मधूनमधून त्यांनाही स्क्रूड्रायव्हर कानामागे लावावा लागे. एक नंबर एकशे नव्वद. पाच नंबरला तिच्या ओढीच्या पट्ट्यासाठी दोनशे दहा. सात नंबरला एकशे पंच्याहत्तर, आणि तिची रिळे त्याच महिन्यात माझ्या पुढे गेली, हे तिने मला रोज सांगितले. सात आकड्यांचा कागद भिंतीवर लावला गेला. तो माझ्या अक्षरात आहे. कोणालाही कमी केले गेले नाही.

वर्गाच्या परीक्षेत बाईंनी मुद्दाम तोच प्रश्न घातला. मी उत्तर लिहिले, "शाळेत दोनशे छप्पन, कारखान्यात शून्य." बाईंनी मला अर्धा गुण दिला. मावशीने फक्त दोनशे छप्पन लिहिले आणि पूर्ण गुण मिळवला. मी तिला जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, "ज्याचा खण त्याचा आकडा. तू कशाला दोघांना खूश करायला गेलीस?"

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली होती. निकालाच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या मी विचारले, "मावशी, तू कान लावून सगळं ओळखतेस. मग तुला आकडे शिकायची गरज काय होती? भाचेसाहेबांचा राग म्हणून?"

ती नेहमी माझ्या उजव्या हाताला बसे. जागा बदलली तर रुसे. त्याचे कारण मला त्या दिवशी कळले. तिने उजव्या कानावर बोट टेकवले आणि म्हणाली, "हा केव्हाच गेलाय. आता डावाही जायला लागलाय. स्क्रूड्रायव्हर हाडावर टेकवला की मोटार अजून कळते, पण आकडा कसा, ऐकावा लागत नाही. दिसतो."

"म्हणजे माझा दोरा तुटतो तो तुला—"

"ऐकू येत नाही गं. अंगावर पडतो म्हणून कळतो. तोही कधी कधी चपलेखाली जातो."

कानोसा हे नाव घेऊन ती इतकी वर्षे वावरली आणि तिच्या तोंडावरून कोणाला कळले नाही, कारण तोंड रुमालात होते आणि ती टेबलाखाली होती. ती मात्र मजेत माझ्या गुणपत्रिकेवरचा अर्धा गुण न्याहाळीत होती. मी म्हणाले की यापुढे दोरा तुटला तर मी लपवणार नाही, मोठ्याने हाक मारीन.

"हाक नको," ती म्हणाली. "तुझ्या समोरच्या भिंतीवर मी खाली एक आरसा लावून घेतलाय, पडल्या पडल्या तुझे हात दिसतात. दोरा तुटला की हात वर करत जा."